खबरबात

बातमी म्हणजे काय, हे शिकवण्याची पाळी दर वर्षी माझ्यावर येते. मराठीच्या अभ्यासक्रमात हल्ली बातमीलेखन नावाचे एक प्रकरण असते. जे रोज घडत नाही ते घडले की त्याची बातमी होते, अशी सुटसुटीत व्याख्या मी फळ्यावर लिहितो, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी मला परत करतात. देण्याघेण्याचा इतका चोख व्यवहार आमच्या सोलापूरच्या कापडबाजारातदेखील होत नसेल.

पण या व्याख्येवर आमच्या घरातच एकमत नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना हे निराळे सांगायला नकोच. मी पडलो अस्सल सोलापूरकर, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांवर वाढलेला. सौ.चे माहेर रायगड जिल्ह्यातले, श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर. लग्नाला वीस वर्षे उलटून गेली तरी पाणी, ऊन, आंबा आणि माणसांचा स्वभाव या चार विषयांवरची आमची तहाची बोलणी अजून पुरी झालेली नाहीत. बातमी हा पाचवा विषय. तिचे म्हणणे असे, की तुमच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर आमच्या गावात वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. मग अण्णा दर पंधरा दिवसांनी निळे अंतर्देशीय पत्र काठोकाठ भरून पाठवायचे, ते कशाने?

प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून मी या काठोकाठ भरलेल्या पत्रांचा विचार करीत आलो आहे.

ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळे, पुढे बोर्ली पंचतन आणि मग दिवेआगर. सोलापूरहून हा प्रवास चारशे किलोमीटरांच्या आसपास होतो, आणि त्यातले शेवटचे पन्नास किलोमीटर पहिल्या साडेतीनशेंपेक्षा लांब वाटतात. गावाला चारएक किलोमीटर लांबीचा सपाट किनारा आहे. किनाऱ्याला सुरूचे बन, बनाच्या आत आगरे आणि आगरांच्या आत घरे. आगर म्हणजे नारळ-पोफळींची बाग. गावाच्या नावातच हा शब्द येऊन बसला आहे. उंच माड, त्यांच्या खाली सरळसोट पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, मधून मधून जायफळ आणि केळ. आमच्याकडे मे महिन्यात माणूस सावली शोधत फिरतो; तिथे ऊनच जमिनीवर उतरायला वाट शोधत असते.

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पत्रे सौ.ने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. त्या पत्रांचा साचा ठरलेला. ‘चि. बायोस अनेक आशीर्वाद’ झाले की पहिली ओळ पावसाची, नाहीतर विहिरीच्या पाण्याची. दुसरी आगराची. सुपारी वाळत घातली का, माकडांनी किती शहाळी पाडली, असोल्या सुपारीला यंदा काय भाव निघाला. तिसरी ओळ एस.टी.ची. रात्रीची वस्तीची गाडी आली की नाही, हा शहरातल्या माणसाला क्षुल्लक वाटणारा विषय गावाच्या दृष्टीने फार मोठा. त्या गाडीने मुंबईचे चाकरमानी येतात, औषधे येतात, आणि गाडी आली नाही तर वाटेत कुठे तरी काही तरी अडले आहे एवढे तरी कळते. चौथी ओळ किनाऱ्याची. भरडखोलच्या होड्यांना काय लागले, कोळणीने कशाचा भाव काय सांगितला आणि टोपलीबरोबर तिने कोणती खबर आणली. त्यानंतर गावातली बाळंतपणे, दुखणी, लग्ने आणि मयते. आणि सर्वांत शेवटी, पत्राच्या कडेच्या घडीवर, आडव्या बारीक अक्षरात एकच वाक्य: ‘तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे.’

महत्त्वाचे ते आधी लिहावे, असे मी मुलांना शिकवतो. अण्णा नेमके उलट करीत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पत्र आले की सौ. ते फोडायची, सरळ आडवे धरायची आणि आधी कड वाचायची. मग ते सुलटे करून पावसापासून सुरुवात. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही वाटा ठाऊक होत्या. बातमी कुठे ठेवली आहे हे घरातल्या माणसाला सांगावे लागत नाही, फडताळातल्या गुळाच्या डब्यासारखे.

आता या गावाची आणि त्याच्या शेजारपाजारची छापील बातमी पाहा. दिवेआगरहून किनाऱ्या-किनाऱ्याने श्रीवर्धनकडे निघाले की वाटेत शेखाडी लागते. 1993 सालच्या आरंभी तिथे चोरून स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबई हादरली. तोवर शेखाडी हे नाव श्रीवर्धन तालुक्याबाहेर कितीजणांनी ऐकले होते? त्यानंतर ते देशभर झाले. पण त्या नावामागे एक वस्ती आहे, तिथल्या बायका पाणी भरतात, पोरे शाळेत जातात, हे काही कोणी छापले नाही. पुढे 17 नोव्हेंबर 1997 रोजी दिवेआगरात एका आगरात खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपती निघाला. वजन सव्वा किलोच्या वर. मग काय विचारता! सौ. तेव्हा कॉलेजात होती. ती सांगते की गावात माणसापेक्षा मोटारी जास्त झाल्या. घरगुती खानावळी निघाल्या, ओटीवर पाट मांडून उकडीचे मोदक वाढणे हा धंदा झाला. मार्च 2012 मध्ये त्या देवळावर दरोडा पडला. मूर्ती गेली आणि देवळाच्या दोन रखवालदारांचे प्राण गेले. पुन्हा छायाचित्रे, पुन्हा मोठे मथळे. तोवर पत्रे बंद होऊन फोन सुरू झाले होते. त्या दिवशी अण्णा फोनवर मूर्तीविषयी एक वाक्य बोलले आणि रखवालदारांविषयी दहा. (देवळात गणपतीचा मुखवटा पुन्हा बसला तो 2021 च्या नोव्हेंबरात.)

म्हणजे पाहा, जवळजवळ वीस वर्षांत हा किनारा जगाला तीनदा दिसला: एकदा बाँबमुळे, एकदा सोन्यामुळे आणि एकदा दरोड्यामुळे. मधल्या साऱ्या दिवसांत तिथे काय चालले होते? पाऊस पडत होता, सुपारी वाळत होती, वस्तीची गाडी कधी येत होती, कधी येत नव्हती.

हे कोकणापुरतेच आहे असे नाही. माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत होते. 1877 साली उभी राहिलेली ही गिरणी 1963 साली बंद पडली. गिरणी बंद झाली ही एका दिवसाची बातमी. पण भोंगा वाजेनासा झाल्यावर चाळीतल्या माणसांना पहाटे जाग येईनाशी झाली, कोणाच्या घरचे पितळेचे घंगाळ गेले, कोण बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेला आणि कोणी मागल्या दारी हातमाग टाकला, ही पुढची दहा वर्षांची बातमी मला आजीच्या तोंडून कळली. ती कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आजी गेली आणि ते दप्तरही गेले.

मराठीचा अध्यापक म्हणून दिवेआगरचा मला अभिमान वाटावा असे एक कारण आहे, पण ते मी घरात फार मोठ्याने सांगत नाही. शके 982, म्हणजे इ.स. 1060 मधला एक मराठी ताम्रपट दिवेआगरचा आहे. मराठीतल्या अगदी जुन्या ताम्रपटांत त्याची गणना होते. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख आहे. त्याचा शक कसा वाचावा याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी तो जुन्या लेखांपैकी एक आहे हे सगळे मानतात. अर्थात सोलापूरकर याला हार जाणार नाहीत. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आहे. आमच्या सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तेव्हा बेचाळीस वर्षांनी आम्ही थोरले. हा हिशेब मी सौ.ला सांगितला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “असेल. पण तुमचा दगड, आमचं तांबं.”

विनोद सोडला तर या दोन लेखांत एक मौजेचा फरक आहे. आमच्या कुडलच्या लेखात, जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे. थोडक्यात, तो आशीर्वाद आहे. दिवेआगरच्या ताम्रपटात गावातल्या माणसांची नावे आहेत आणि त्यांच्यामधल्या देण्याघेण्याचा एक व्यवहार आहे. कोणा राजाने कोणाचा पराभव केल्याची ती गर्जना नव्हे. गावातली काही माणसे एकत्र बसली, काही ठरले, आणि ठरले ते विसरू नये म्हणून तांब्यावर कोरून ठेवले. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना ही गोष्ट तांब्याच्या किमतीची वाटली. आज ती भाषेच्या इतिहासात जाऊन बसली आहे. अण्णांच्या निळ्या पत्राचा हा पूर्वजच म्हणायचा. फरक इतकाच, की याला घडीची कड नाही.

आता चौथ्या मोठ्या बातमीकडे येतो. ती मात्र गावाची स्वतःची होती.

3 जून 2020. टाळेबंदीचे दिवस. माझे मेहुणे पुण्याच्या एका कारखान्यात. ते आणि वहिनी मार्चपासून गावी येऊन राहिले होते. सासूबाई 2016 सालीच गेल्या, त्यामुळे अण्णांजवळ कोणी तरी आहे या कल्पनेने आम्ही निश्चिंत होतो. त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, याच टापूत जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसचे. आम्ही सोलापुरात दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. पडद्यावर एक मोठे चक्र फिरत होते आणि निवेदक अलिबाग, मुंबई अशी नावे घेत होता. सौ. फोन लावत होती. सकाळी अकराच्या सुमारास अण्णांचा आवाज ऐकू आला होता, “वारा बरा नाही गो.” त्यानंतर काही नाही.

ते ‘काही नाही’ चार दिवस चालले. विजेचे खांब पडले, फोनचे मनोरे मुके झाले, रस्ते झाडांनी अडले. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. कुंडीतल्या वडाच्या फांदीला सूत गुंडाळताना तिचे लक्ष सगळे फोनकडे होते. ज्या गावाची खबर पंधरा दिवसांनी येत असे तेव्हा कधी काळजी वाटली नाही. रोज बोलायची सवय झाल्यावर चार दिवसांचे मौन माणसाला पोखरते. पाचव्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. शेजारचा मुलगा मोटारसायकल काढून, जिथे रस्ता नव्हता तिथे ती ढकलत, फोन लागेल अशा जागेपर्यंत माणगावच्या बाजूला आला होता. त्याच्या खिशात आठ-दहा घरांच्या चिठ्ठ्या होत्या. आमची त्याने वाचून दाखवली. तीनच वाक्ये होती. ‘आम्ही सर्व सुखरूप. घराची कौले गेली. आगर उरले नाही.’

या वेळी अण्णांनी मुख्य बातमी आधी लिहिली होती. त्यावरून सौ.ला काय झाले असेल ते समजले.

अठरा गुंठ्यांचे ते आगर. एकशेऐंशी पोफळी आणि बत्तीस माड. उभ्या राहिल्या एकवीस पोफळी आणि नऊ माड. माड मुळासकट उपटून पडला आणि पडताना चार-चार पोफळी घेऊन गेला. पोफळी मधेच मोडल्या, पेन्सिली मोडाव्यात तशा. हे नुकसान किती, ते घाटावरच्या माणसाला एकदम कळत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आमच्याकडे एका सालात ज्वारी बुडाली तर पुढच्या सालाची आशा असते. पोफळीचे तसे नाही. चांगल्या झाडाची सुपारी निवडून रुजत घालायची, वर्ष-दीड वर्ष रोप सांभाळायचे, मग ते आगरात लावायचे. त्याला कोवळेपणी ऊन सोसत नाही, म्हणून वर जुन्या झाडांची, निदान केळींची सावली हवी. उन्हाळाभर शिंपणे हवे. सहा-सात वर्षांनी पहिले फळ, आणि भरात यायला त्याहून उशीर. अण्णांनी आजोबांच्या झाडांच्या सावलीत आपली झाडे लावली होती. सावलीच गेली, तर नवे रोप लावायचे कशाखाली?

सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढला की खाली न उतरता झोका घेऊन दुसरी धरतो, दुसरीवरून तिसरी. जमिनीला पाय न लावता तो आगर फिरून येतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हे तोंड उघडे टाकून पाहिले होते. वादळानंतर दोन उभ्या झाडांत इतके अंतर पडले, की अशा गड्याला तिथे कामच उरले नाही.

सरकारी मदत आली नाही असे मी म्हणणार नाही. वादळानंतरच्या आठवड्यात बागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले, आधीच्या दरापेक्षा ते पुष्कळ अधिक होते. पण कोकणात जमीन हेक्टराने नसते, गुंठ्याने असते. शंभर गुंठ्यांचा हेक्टर. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये आणि अठरा गुंठ्यांना 9,000. नुसती पडलेली झाडे कापून आगराबाहेर काढायला त्याहून अधिक खर्च आला. पुढे झाडे मोजून मदत द्यावी अशी मागणी कोकणभर झाली, ती याच कारणाने. हेक्टरात मोजले की आगर लहान दिसते. झाडे मोजली म्हणजे किती माणसांची किती वर्षे पडली ते समजते.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही गावी गेलो. घरावर नवे पत्रे होते. ओटीवर बसले की पूर्वी हिरवा काळोख दिसायचा, आता थेट सुरूच्या बनापलीकडचे पाणी दिसत होते. समुद्राचे दर्शन घडावे म्हणून लोक मोठाले भाडे भरतात. आम्हाला ते फुकट मिळाले, आणि कोणाला ते पाहवत नव्हते.

फराळानंतर मेहुण्यांनी विषय काढला. पुण्याच्या कोणा गृहस्थाला समुद्राजवळ जागा हवी होती. त्याला पर्यटकांसाठी निवास बांधायचा होता. भाव चांगला होता. जमीन वडिलोपार्जित, आणि 2005 च्या कायद्याने लेकीचा हक्क मुलाबरोबरीचा, तेव्हा सौ.ची सही लागणार होती. सौ. म्हणाली, “मी सही करणार नाही.”

मेहुणे चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरे झाले असते. त्यांनी अगदी शांतपणे विचारले, “बायो, तू सोलापुरात बसून माया करशील. इथं शिंपणं कोण करणार? मला नोकरी आहे. अण्णा पंच्याहत्तरीला आले. तू येशील का?”

सौ.पाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशी होते, पण सासुरवाडीच्या जमिनीविषयी जावयाने तोंड उघडू नये हा नियम मी पहिल्यापासून पाळत आलो आहे, आणि त्यामुळेच त्या घरी माझा मान टिकून आहे. खरे सांगायचे तर दोघांचेही बरोबर होते. गावावर प्रेम करणे निराळे आणि उन्हाळाभर दिवसाआड पाटाचे पाणी झाडाझाडाला फिरवणे निराळे. बाहेर गेलेल्या माणसांना गाव जसेच्या तसे हवे असते, आणि ते तसे ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे अशी त्यांची मनोमन अपेक्षा असते. मेहुण्यांच्या प्रश्नात हे सगळे होते.

तीन रात्री बोलणे झाले. अण्णा ऐकत होते, बोलत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, “रस्त्याकडचे चार गुंठे द्या. त्यात घर नीट होईल, आगर साफ होईल, रोपं येतील. उरलेलं माझ्या डोळ्यांदेखत विकू नका. मागाहून तुम्ही बहीण-भाऊ काय ते बघा.” मग माझ्याकडे वळून, “काय हो जावईबापू, तुमच्या व्याकरणात बसतंय का हे?” मी म्हटले, “अण्णा, पूर्णविराम चांगला दिलात.” तेवढेच माझे त्या वाटाघाटीतले योगदान.

चार गुंठे गेले. सौ.ने सही केली. परतीच्या वाटेवर म्हसळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

2021 च्या पावसाळ्यात श्रीवर्धनी रोठ्याची रोपे आली. रोठा ही इकडची जुनी जात, फळाने मोठी आणि आतून पांढरी. आधी केळी लावल्या, त्यांच्या सावलीत रोपे. अण्णांचे वय आणि पोफळीची सहा-सात वर्षे यांची बेरीज कोणालाही करता येत होती. त्यांनी ती केली नाही असे नव्हे. पण आजोबांनी लावले ते आपण खाल्ले, आपण लावू ते दुसरे कोणी खाईल, असला मोठा विचारही त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. रिकामे आळे बघवत नाही, एवढेच ते म्हणाले.

कारखाने उघडले तसे मेहुणे पुण्याला परत गेले. वहिनी मात्र राहिल्या. आरंभी ‘अण्णांची सोय लागेपर्यंत’ राहिल्या, मग ‘पावसाळा संपेपर्यंत’ आणि नंतर त्यांनी मुदत सांगणे सोडून दिले. मागल्या पडवीच्या दोन खोल्या नीट करून त्या पाहुण्यांना देतात, मोदकांची ऑर्डर घेतात, आणि शिंपण्याचे वेळापत्रक आता त्यांच्या हाती आहे. मेहुणे शनिवार-रविवार येतात. हे घर एका अर्थाने उलटे झाले आहे: चाकरमानी मुलगा आणि गावकरी सून. सासर-माहेर या शब्दांचे जे अर्थ मी वर्गात सांगतो त्यांत हे कुठेच बसत नाही. मुलगी सोलापुरात सासरी, आणि तिचे माहेर सांभाळणारी पुण्यात वाढलेली मुलगी.

अण्णांचा हात आता कापतो, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. खबर मात्र थांबलेली नाही. घरातल्या सगळ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. रोज संध्याकाळी अण्णा ओटीवर बसून सांगतात आणि वहिनी टिपून घेतात. साचा तोच. पाऊस, आगर, एस.टी., किनारा, गाव. पहिले वर्षभर ती भाषा शब्दन् शब्द अण्णांची होती. मग हळूहळू एखादे वाक्य निराळे दिसू लागले. ‘आज पंप बिघडला, मी स्वतः उघडून पाहिला.’ ‘कोळीण म्हणाली, तुझ्या हातची मोदकाची कळी आता गावची झाली.’ ही वाक्ये अण्णांची नव्हेत. सौ.ने ती मला वाचून दाखवली, आणि वहिनींविषयी बोलताना तिच्या आवाजात जी थोडीशी पाहुणेपणाची दूरी असायची ती त्या दिवशी नव्हती. गावची खबर सांगणारे माणूस बदलत होते, म्हणजेच गावात आणखी एक माणूस वाढत होते. पेटीत सोने सापडण्याइतकी ही घटना मोठी आहे, असे माझे मत आहे. फक्त तिच्यामुळे मोटारी येत नाहीत.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळांचे असे एखादे गाव असेल. कोकणात, देशावर, कुठेही. दिवाळीच्या निमित्ताने तिथून फोन येईल, आणि पलीकडचे माणूस विहिरीच्या पाण्यापासून सुरुवात करील. आपल्याला घाई असते, आपण म्हणतो, “बरं, बाकी विशेष काय?” मला वाटते, हे विचारू नये. विहिरीचे पाणी हेच विशेष असते. ते ऐकून घेतले की मग कडेच्या घडीवरचे वाक्य आपोआप येते.

गेल्या आठवड्यात आलेली खबर अशी. परतीचा पाऊस लांबला, सुपारी वाळवायला ऊन नाही. उभ्या राहिलेल्या एकवीस पोफळींची मिळून थोडीच सुपारी, पण ती माळ्यावर पसरली आहे. वस्तीची गाडी दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. भरडखोलला बांगडा बरा लागला. मागल्या आळीत मुलगी झाली, दोघीही खुशाल. दिवाळीत दोन्ही खोल्या भरल्या आहेत, तेव्हा तुम्ही आलात तर ओटीवर झोपावे लागेल. आणि सर्वांत शेवटी, एक ओळ सोडून: विहिरीजवळच्या एका रोठ्याला पाचव्याच पावसाळ्यात पोय आल्यासारखी दिसते. अण्णा म्हणतात, एवढ्यात कोणाला सांगू नका, दृष्ट लागेल.

तेव्हा वाचकांनीही हे आपल्यापुरतेच ठेवावे.